नुसती मातीच जास्त रंग ओढतेय, मग कंपोझिट बनवायचंच कशाला?

निळेहात:
मंडळी नमस्कार, नमनाला घडाभर तेल नको म्हणून डायरेक्ट मुद्द्यावर येतो. मास्टर्सचं प्रोजेक्ट चालू आहे, विषय पाण्यातले रंग अधिशोषणाने (म्हणजे एखाद्या मालाच्या पृष्ठभागावर चिकटवून) काढणे, आणि गाइडनी कायटोसान (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारा पॉलिमर) आणि बेंटोनाइट (एक प्रकारची माती) यांचं कंपोझिट, म्हणजे दोन्ही एकत्र केलेले मणी, करायला सांगितलेत. कायटोसान पातळ अॅसिटिक अॅसिडमध्ये विरघळवलं, त्यात त्याच्या वजनाइतकंच बेंटोनाइट घातलं, रात्रभर स्टररवर ठेवलं, मग सिरिंजने थेंब थेंब कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात सोडलं. मणी एकदम गोल गरगरीत झाले, फोटो काढण्यासारखे. धुऊन ओव्हनमध्ये सुकवले. क्रॉसलिंकिंग (पॉलिमरच्या साखळ्या रसायनाने एकमेकींना बांधणं) वगैरे अजून केलेलं नाही.

आता रडगाणं. मेथिलीन ब्लू (निळा रंग) १०० मिलिग्रॅम प्रति लिटर, ५० मिली घेतलं, ०.०५ ग्रॅम माल टाकला, एक तास शेकरवर, फिल्टर पेपरमधून गाळून डायल्यूट करून ६६४ नॅनोमीटरला रीडिंग. पाण्यातला किती रंग गेला ते सांगतो: नुसतं बेंटोनाइट ९९ टक्के. नुसत्या कायटोसानचे मणी ७ टक्के. आणि ज्याच्यासाठी तीन आठवडे हात निळे करून घेतले ते कंपोझिट ६१ टक्के!! म्हणजे पिशवीतून काढलेली माती चमचाभर टाकली असती तर जास्त काम झालं असतं. वाचायला मिळतं त्या प्रत्येक पेपरात कंपोझिट म्हणजे दोन्हीचे गुण एकत्र, सिनर्जी, अमुक तमुक असतं आणि माझ्याकडे सरळ सरळ सरासरीच्या आसपास आकडा येतोय. माझं काही चुकतंय का, की हे असंच असतं आणि लोक लिहीत नाहीत? पुढच्या आठवड्यात प्रेझेंटेशन आहे, जाणकारांनी कृपया प्रकाश टाका. होस्टेलवर सगळे मला स्मर्फ (ते निळं कार्टून) म्हणायला लागलेत ते वेगळंच.

काठावरचाबगळा:
रुमाल टाकून ठेवतो. स्मर्फला शुभेच्छा.

प्रयोगवही:
निळेहात, आधी कोरी चाचणी लावलीस का ते सांग. म्हणजे कुठलाही माल न टाकता नुसतं रंगाचं पाणी एक तास शेकरवर, मग त्याच फिल्टर पेपरमधून गाळून रीडिंग. मेथिलीन ब्लू हा धनभारित रंग आहे आणि फिल्टर पेपर म्हणजे सेल्युलोज, त्याला हा रंग मस्त चिकटतो, काचेलासुद्धा चिकटतो. कायटोसानचे ७ टक्के आलेत ते कायटोसानचे आहेत की कागदाचे हे तुला आत्ता तरी सांगता येणार नाही. शक्यतो गाळूच नको, सेंट्रिफ्यूज कर. आणि फ्लास्क खिडकीत ठेवू नकोस, उजेडात हा रंग हळूहळू उडतो.

दुसरं, एक तास हा आकडा कुठून आणलास? पावडरला एक तास पुरतो कारण तिचे कण सुटे असतात, रंग लगेच पृष्ठभागावर जाऊन बसतो. मण्यात तोच रंग जेलमधून वाट काढत आत जायला हवा, त्याला वेळ लागणारच, त्यातून तू ओव्हनमध्ये सुकवलेस म्हणजे आतली छिद्रं मिटून मणी खडीसाखरेसारखा कडक झाला असणार. पावडर आणि मणी एकाच वेळेला थांबवून तुलना करणं म्हणजे एकाला सायकल आणि एकाला चालत पाठवून घड्याळ बघण्यासारखं आहे. २४ तास ठेव, मधे मधे नमुने काढ. आणि एक सेट न सुकवलेल्या ओल्या मण्यांचा लाव, फक्त वजनाचा घोळ घालू नकोस. ओल्या मण्यात बहुतेक पाणीच असतं, तेव्हा थोडे मणी बाजूला सुकवून घन भाग किती ते काढ आणि तेवढंच वजन हिशोबात धर. शिवाय त्या मण्यातलं पाणी रंगाच्या पाण्यात मिसळतं, ५० मिलीमध्ये सव्वा ग्रॅम ओले मणी टाकलेस तर दोनेक टक्के 'रिमूव्हल' तर निव्वळ पाणी घातल्यामुळेच दिसेल.

टक्क्यांत बोलायची सवय पण सोड बाई/बाबा जे असशील ते. माल वाढवला की टक्के वाढतात आणि दर ग्रॅममागे बसलेला रंग कमी होतो, त्यामुळे ९९ टक्के काढले हे वाक्य किती पाण्यातून, किती मालाने ते सांगितल्याशिवाय बिनकामाचं आहे.

निळेहात:
बाबा आहे :) कोरी चाचणी नाही लावली, आत्ता लावतो. ओल्या मण्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, सगळे सुकवतात म्हणून मीपण सुकवले. पण ताई, मातीचे ९९ तर खरेच आहेत ना? तिथे कागदाने फारतर दोन-चार टक्के खाल्ले असतील.

चिकणमाती:
माती ९९ टक्के देणार यात नवल काहीच नाही रे. बेंटोनाइटला मेथिलीन ब्लू किती बसतो हे बघून मातीच मोजतात! फाउंड्रीत साच्याच्या वाळूत कामाची माती किती उरली आहे ते काढायला मेथिलीन ब्लू टेस्ट करतात, ड्रिलिंगच्या चिखलातही करतात. म्हणजे तू जो रंग निवडलास तो मातीची क्षमता मोजायचा रंग आहे. तिच्या होम ग्राउंडवर मॅच ठेवलीस आणि वर म्हणतोस ती जिंकली.

आता कारण बघ. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट, त्याच्या थरांवर कायमचा ऋणभार असतो आणि तो झाकायला मधे सोडियम कॅल्शियम बसलेले असतात. शंभर ग्रॅमला साधारण ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट (एकपट भाराच्या आयनाचे तेवढेच मिलिमोल) इतके हे अदलाबदलीचे आयन असतात. १०० धरलं तर ग्रॅमला एक मिलिमोल, मेथिलीन ब्लूचं मोलर वजन ३२० च्या जवळ, म्हणजे नुसत्या अदलाबदलीनेच ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमच्या आसपास रंग बसायला हरकत नाही. (बाजारू बेंटोनाइट शुद्ध नसतं म्हणून कमी येतं.) आता तुझं पाणी बघ: १०० मिग्रॅ प्रति लिटर, ५० मिली, म्हणजे फ्लास्कात एकूण रंग ५ मिलिग्रॅम. माती ०.०५ ग्रॅम. सगळाच्या सगळा रंग तिने गिळला तरी ग्रॅमला १०० च्या वर आकडा जाऊच शकत नाही. तू मातीची क्षमता मोजलीच नाहीस, ताटात जेवढं वाढलंस तेवढं तिने संपवलं इतकंच.

आणि गंमत पुढे आहे. तुझ्या ०.०५ ग्रॅम मण्यात माती निम्मी, ०.०२५ ग्रॅम. रंग गेला ६१ टक्के म्हणजे ३.०५ मिलिग्रॅम. भाग दे, मातीच्या ग्रॅममागे १२२ आला. नुसत्या मातीचा ९९. मग मण्यातली माती जास्त चांगली झाली का? तर तसंही म्हणता येत नाही कारण ९९ हा छताला डोकं टेकलेला आकडा आहे. दोन्हीची तुलना करायची तर सुरुवातीचं प्रमाण वाढवत ने, ५० पासून ५००-६०० पर्यंत, आणि कुठे सपाट होतं ते बघ. लँगम्युअरचं समीकरण (पृष्ठभागावर एकच थर बसतो असं धरून क्षमता काढायचं, १९१८ चं आहे, अजून सगळे त्याच्याच जिवावर) तेव्हा बसवायला अर्थ आहे, चढाच्या भागातले पाच बिंदू घेऊन क्यूमॅक्स (कमाल क्षमता) काढला तर तो आकडा हवेतलाच.

आता तुझ्या मूळ प्रश्नाचं कडू उत्तर. कायटोसान आणि मेथिलीन ब्लू दोघंही त्याच खुर्चीवर बसायला भांडतात. अॅसिडमध्ये कायटोसानच्या अमिनो गटांवर धनभार येतो आणि ती साखळी मातीच्या थरांत घुसून जिथे सोडियम होता तिथे जाऊन बसते. म्हणजे मणी बनवतानाच तू मातीच्या काही जागा भरून टाकल्यास. त्यामुळे या रंगासाठी या जोडीत सिनर्जी शोधणं चुकीचं आहे, उलट थोडं नुकसानच होणार. हाच प्रयोग एखाद्या ऋणभारित रंगावर कर, मेथिल ऑरेंज घे, आणि मग मातीला विचार.

आणखी एक, जाता जाता. कायनेटिक्स (रंग किती वेगाने बसतो ते) करशील तेव्हा स्यूडो सेकंड ऑर्डर या मॉडेलची रेषा ०.९९९ ने सरळ आली म्हणून नाचू नकोस, केमिसॉर्प्शन (रासायनिक बंधाने चिकटणं) सिद्ध झालं असं तर अजिबात लिहू नकोस. तिथे टी (वेळ) भागिले क्यूटी (तोवर ग्रॅममागे बसलेला रंग) विरुद्ध टी असा आलेख असतो, दोन्ही अक्षांवर टीच बसलाय, अर्धे बिंदू समतोल झाल्यानंतरचे असले की रेषा सरळ येण्यावाचून तिला पर्यायच नसतो. मूळ क्यूटी विरुद्ध टी वर वक्र टाकून बघ कुठलं मॉडेल बसतं ते.

काठावरचाबगळा:
'मग मातीला विचार' हे प्रेझेंटेशनचं शेवटचं स्लाइड झालं पाहिजे.

ईटीपीवाला:
वरचे दोन्ही प्रतिसाद भारी आहेत पण मी जरा वेगळ्या बाजूने बोलतो, माझी बरीच वर्षं डाइंगच्या (कापड रंगवण्याच्या) सांडपाण्यात गेलीत. कंपोझिट कशाला याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही, ते गाळताना मिळतं. एका ठिकाणी (नाव नको) कुणाच्या तरी डोक्यात आलं की मातीची पावडर टाकीत टाकू, रंग जाईल. रंग गेला ना, छान गेला, मग ती माती पाण्यातून बाहेर काढायची वेळ आली. बेंटोनाइट पाण्यात फुगतं, कण इतके बारीक की खाली बसायलाच तयार नाहीत, फिल्टर प्रेसची कापडं चोक, दोन दिवस सगळे फावडं घेऊन गाळ उपसतोय. कॉलममध्ये (माल भरून त्यातून पाणी सोडायच्या उभ्या नळीत) भरायचा विचार तर सोडाच, पाणी उतरणारच नाही. तुझा मणी भले ग्रॅममागे कमी रंग धरत असेल पण तो कॉलममध्ये भरता येतो, चाळणीने काढता येतो, धुऊन परत वापरता येतो. मॅग्नेटाइट (लोखंडाचं चुंबकीय ऑक्साइड) घातलेली कंपोझिट करतात त्याचंही कारण तेच, मॅग्नेटाइट स्वतः रंग फार धरतो असं नाही, चुंबकाने माल ओढून घेता यावा म्हणून तो असतो. ग्राफीन ऑक्साइडचंही (कार्बनचे अतिपातळ पापुद्रे) तसंच, क्षमता जबरदस्त पण पाण्यात असा काही पसरतो की परत मिळवताना नाकी नऊ. तेव्हा एकाची पकड आणि दुसऱ्याचा सांगाडा असं बघ, बेरीज नाही बघायची.

आता मला खरी चीड कशाची येते ते सांगतो. मेथिलीन ब्लू डिस्टिल्ड वॉटरमध्ये, पीएच ७, आणि पेपरच्या पहिल्या वाक्यात 'टेक्स्टाइल एफ्लुएंट' (कापड कारखान्याचं सांडपाणी). सुती कापडाच्या पाण्यात येतात ते मुख्यतः रिअॅक्टिव्ह रंग, सल्फोनेट गटांमुळे ऋणभारित, पाण्यात एकदम विरघळलेले. कापडाला न लागलेला, पाण्याशीच रिअॅक्शन होऊन फुकट गेलेला सगळा भाग धुण्यात उतरतो. बरोबर मीठ, लिटरला दहाच्या पटीत ग्रॅम, कारण रंग कापडाकडे ढकलायला मीठ घालावंच लागतं. वर सोडा अॅश, म्हणजे पीएच १० च्या आसपास. साबण, ल्युब्रिकंट, कांजी, आणि पाणी गरम. या सगळ्यात तुझ्या मण्याचा भारावर चालणारा खेळ किती टिकतो ते बघ. मिठाचे आयन मधे गर्दी करतात आणि आकर्षण झाकलं जातं, आणि पीएच १० ला कायटोसानवरचा धनभार गेलेला असतो, तो साधारण साडेसहाच्या खालीच कामाचा. म्हणजे आधी पाणी न्यूट्रल करा, आणखी थोडं आंबट करा, मग मणी. आंबट केलं की बिनाक्रॉसलिंकचा कायटोसान मणीच विरघळायला लागतो! क्रॉसलिंक केला तर ग्लुटारअल्डिहाइड (साखळ्या बांधणारं रसायन) त्याच अमिनो गटांना धरतं ज्यांनी रंग धरायचा असतो. इकडे आड तिकडे विहीर. म्हणून क्रॉसलिंकर कमीत कमी किती चालतो हे शोधणं हेच खरं काम आहे. (आणि ते हुडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) कर, डोळ्यांना फार झोंबतं.)

अल्जिनेटचे (समुद्री शेवाळातल्या पॉलिमरचे) मणी पण आम्ही बघितलेत, करायला सोपे, कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब टाकला की मणी तयार, आणि अल्जिनेट ऋणभारित म्हणून मेथिलीन ब्लूला तो कायटोसानपेक्षा चांगला. पण सोडा अॅशच्या पाण्यात टाकले आणि सकाळी बघतो तर भांड्यात खळ! कार्बोनेटने कॅल्शियम काढून घेतला, सोडियम जाऊन बसला, बांधणी सुटली. प्रयोगशाळेत पाच सायकल चाललेला माल तिथे पहिल्याच सायकलला पाय वर.

अॅक्टिव्हेटेड कार्बनचं काय असं कुणीतरी विचारेलच. चांगलाच आहे, पण त्याची बरीच छिद्रं दोन नॅनोमीटरपेक्षा लहान असतात आणि रिअॅक्टिव्ह रंगांचे रेणू दांडगे, सगळी जागा त्यांना मिळत नाही. ग्रॅमला हजार चौरस मीटर पृष्ठभाग हा नायट्रोजनने मोजलेला असतो, नायट्रोजनचा रेणू केवढा आणि रंगाचा केवढा.

प्रयोगवही:
ईटीपीवाला +१. निळेहात, मेथिल ऑरेंज घेतलास तर पीएच सांभाळ, ३.१ ते ४.४ मध्ये तो स्वतःच रंग बदलतो, त्यामुळे ज्या पीएचला मोजणार त्याच पीएचला कॅलिब्रेशन कर. काँगो रेडच्या वाटेला तर आत्ता जाऊच नकोस, आंबट पाण्यात तो निळा पडतो आणि गुठळ्या होऊन खाली बसतो, लोक ते पण अधिशोषणात मोजतात. आणि मण्याचा पीझेडसी (ज्या पीएचला पृष्ठभागावरचा एकूण भार शून्य होतो तो) काढून ठेव, पातळ मिठाच्या पाण्यात वेगवेगळे पीएच लावून मणी टाकायचे, दुसऱ्या दिवशी पीएच किती हलला ते बघायचं, जिथे हलत नाही तो बिंदू. हाताचं काम अर्ध्या दिवसाचंच आहे पण परीक्षक हमखास विचारतात.

गाळसाचा:
माझा एकच प्रश्न सगळ्यांना. रंग पाण्यातून मण्यात गेला, मग मण्यातून कॉस्टिकने धुतला, आता तो रंग बादलीभर कॉस्टिकमध्ये आहे. गेला कुठे? जागा बदलली फक्त.

ईटीपीवाला:
बरोबर बोललात, नाहीसा नाही होत. पण हजार लिटरमधला रंग दहा लिटरमध्ये आला हीच कमाई, ओझोन किंवा फेंटन (रंगाचा रेणू तोडायच्या प्रक्रिया) हजार लिटरवर करण्यापेक्षा दहा लिटरवर करणं केव्हाही बरं. फक्त हे गणित पेपरात दिसत नाही, तिथे 'पुनर्वापर पाच वेळा' लिहिलं की विषय कट. म्हणून अधिशोषण मी शेवटच्या पायरीलाच ठेवतो, आधी जैविक प्रक्रिया, मग उरलेल्या छटेसाठी हे. आणि रंग दिसेनासा झाला म्हणजे सुटलो असंही नाही. अॅझो रंग बिनहवेच्या टाकीत तुटतात, पाणी पांढरं दिसतं आणि आत अॅरोमॅटिक अमाइन (त्यातले काही घातक) बसलेले असतात. मेथिलीन ब्लू तर क्षपण झाला की बिनरंगी होतो आणि हवा लागली की परत निळा. निळेहातने गाळलेलं पाणी एक दिवस हलवून ठेवून परत रीडिंग घ्यावं, आणि जमलं तर सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) पण करावा, कधी कधी रंग जातो आणि मण्यातलाच कायटोसान पाण्यात उतरून सीओडी वाढलेला असतो.

निळेहात:
मंडळी अपडेट. प्रेझेंटेशन एक आठवडा पुढे ढकलून घेतलं (गाइडना हा धागा दाखवला, ते 'मातीला विचार' वर हसले).

१. कोरी चाचणी: नुसत्या गाळण्याने ६ टक्के. कागद निळाशार. म्हणजे कायटोसानचे ते ७ टक्के जवळपास सगळे कागदाचेच. प्रयोगवही ताई, दंडवत. आता सगळं सेंट्रिफ्यूजवर.

२. सुके मणी २४ तास ठेवले तर ६१ चे ७९ झाले. ओले मणी, सुक्या वजनाचा आणि पाण्याचा हिशोब धरून, ८८. ओव्हनने माझे तीन आठवडे खाल्ले असं दिसतंय.

३. प्रमाण वाढवत नेलं तर माती ग्रॅमला २४० च्या आसपास सपाट झाली, ओले मणी १०५ ला. मण्यातल्या मातीवर काढलं तर २१०. म्हणजे चिकणमाती म्हणाले तसं काही जागा कायटोसानने बळकावल्यात, पण मला वाटलं होतं तेवढ्या नाहीत.

४. मेथिल ऑरेंज, पीएच ५. हे बघायला तुम्ही हवे होतात. बेंटोनाइटने जवळजवळ काहीच घेतलं नाही, रीडिंगमध्ये चुकीइतकाच फरक. मण्यांनी ७० टक्के. पण बिनाक्रॉसलिंकचे मणी दुसऱ्या दिवशी बोटात घेतले तर चिकट झालेले, एक-दोन फुटलेपण. ग्लुटारअल्डिहाइड लावलेले टणक राहिले, पिवळट पडले आणि ५८ टक्क्यांवर आले. आता तीन प्रमाणं लावलीत, बघू कुठे जमतं.

मग उगाच गंमत म्हणून दोन्ही रंग एकत्र केले, हिरवंगार पाणी झालं. माती टाकली, केशरी. मणी टाकले, सकाळी फिकट, जेमतेम हिरवट. पावडरवाला फ्लास्क गढूळ, मणीवाल्यातून आरपार दिसतंय. दोन्ही फ्लास्क शेजारी ठेवून फोटो काढलाय, तोच पहिल्या स्लाइडवर टाकणार.

चिकणमाती:
फोटो टाक, पण मिश्रणाच्या आकड्यांवर फार भार देऊ नकोस. धन आणि ऋण रंग पाण्यात एकमेकांना धरतात, माल न टाकताही थोडे जोडीने बाहेर पडू शकतात. त्याचीपण कोरी चाचणी लाव.

ईटीपीवाला:
आणि एक फ्लास्क लिटरला ३० ग्रॅम मीठ घालून.

निळेहात:
लावले दोन्ही. मिठाच्या फ्लास्कचं आत्ताच बघून आलो, मेथिल ऑरेंज ५८ वरून २६. आता झोपतो.

काठावरचाबगळा:
हात धुतलेस का पण?

निळेहात:
धुतले. नखं अजून हिरवी आहेत.